येते हं

त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध दोनदा नापास होण्यापुरताच आला होता. दुकानाच्या पाटीवर 'मास्टर-की बनवून मिळेल' असं लिहिलेलं. त्या मास्टरचा मास्तर व्हायला गल्लीतल्या लोकांना फार वेळ लागला नाही. दुकान जिन्याखाली, इतकं चिंचोळं की दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलावं. पुढे किल्ल्या घासायचं यंत्र, मागे खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि बाकी सगळीकडे पितळेचा कीस. घरी जेवताना तो बाहीतून ताटात पडायचा आणि बायको म्हणायची, "माझ्या पोटात एक दिवस कुलूप तयार होणार आहे. तेव्हा उघडा म्हणजे झालं."

धंद्यात त्यांचा एक नियम होता, ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले त्या उस्तादांनी घालून दिलेला. दार कोणाचंही असो, घर रिकामं आहे असं मालक स्वतः शेजारी उभा राहून सांगत असो, हत्यार लावण्याआधी तीनदा दार वाजवायचं आणि विचारायचं, "येऊ का?" विचारलं नाहीस तर तुझ्यात नि चोरात फरक तो काय, असं उस्तादांचं म्हणणं. गिऱ्हाइकं हसत, मास्तर विचारत. तीस वर्षांत आतून कधी उत्तर आलं नव्हतं, आणि यायचं कारणही नव्हतं.

मग एका सकाळी आलं.

चौथ्या मजल्यावर एक निवृत्त टायपिस्ट बाई एकट्या राहत. दाराशी दोन दिवसांची वर्तमानपत्रं पडलेली, फोन उचलत नव्हत्या, म्हणून भाच्याने पोलिसाला आणलं आणि पोलिसाने मास्तरांना. मास्तरांनी दार वाजवलं, विचारलं. आतून, अगदी दाराला लागून, सावकाश आवाज आला, "येते हं."

मास्तर हसून मागे सरकले. "आहेत की! येतायत."

"कोण येतंय?" पोलिसाने विचारलं. भाच्याने दाराला कान लावला. दोघांनाही काही ऐकू आलं नव्हतं.

पण मास्तर हटेनात. म्हातारं माणूस आहे, वेळ लागायचाच, असं म्हणत त्यांनी दोघांना दहा मिनिटं थोपवून धरलं. शेवटी पोलिसाचा आवाज चढला तेव्हा त्यांनी कुलूप उघडलं. बाई दारापासून लांब, आतल्या खोलीत, खुर्चीत होत्या. डॉक्टर म्हणाले, कालच गेल्या.

तेव्हापासून प्रत्येक बंद दाराआडून तो आवाज येऊ लागला. गोदामाच्या दाराआडून आला. एका कचेरीतल्या लोखंडी कपाटातून आला. सराफाच्या तिजोरीतून आला तेव्हा मास्तरांना स्वतःलाच हसू फुटलं, कारण त्या तिजोरीत जेमतेम एक टोपी मावली असती. पण हात मात्र आपोआप मागे आला. येते म्हणणाऱ्या माणसाचं दार आपण होऊन कसं उघडायचं? ते थांबत. सराफ घड्याळ बघे, मास्तर तिजोरीकडे बघत. घरी त्यांनी न्हाणीघराची कडी काढून टाकली. मग बायकोला आंघोळ करताना मोठ्याने गाणं म्हणावं लागे, आणि तिचा गळा असा की समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं. पण एका दुपारी एक शिक्षिका धापा टाकत दुकानात आली. तिचे वडील घरात पडले होते आणि दाराला आतून खटका लागला होता. मास्तर धावले, दार वाजवलं, विचारलं. "येते हं," आतून बाईचा आवाज. घरात म्हाताऱ्याशिवाय कोणी नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. तरी ते हत्यार हातात धरून खांबासारखे उभे राहिले. शिक्षिका रडत ओरडत होती, "उघडा ना! मास्तर, उघडा!" शेवटी शेजाऱ्यांनी पहारीने दार फोडलं. म्हातारा वाचला, थोडक्यात. शिक्षिकेने मास्तरांना एकच विचारलं, "माझे बाबा आत मरत होते, आणि तुम्ही वाट कोणाची बघत होतात?"

मास्तरांनी त्या दिवशी शटर खाली ओढलं ते ओढलंच. पुढच्या वेळी आत असंच कोणी पडलेलं असलं आणि शेजारी धावून आले नाहीत, तर? या एका प्रश्नाने त्यांची झोप उडाली, अन्न तुटलं. शेवटी बायकोनेच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

बाई फार बोलत नसत. त्यांनी विचारलं, "आवाज कुठे येत नाही?"

"जिथे दार नसतं तिथे."

"मग तिथे जाऊन या."

आधी गावाबाहेरच्या तलावाभोवती तासभर चालणं. मग अर्धा दिवस, मग सबंध दिवस. दोन महिन्यांत मास्तरांचे पाय टणक झाले, भूक परत आली. मग बाईंनी पाच दिवसांची पठारावरची वाट सुचवली. एकट्याने, पाठीवर तंबू घेऊन. "चालल्याने आवाज जाईल असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या, "पण तो काय म्हणतोय ते नीट ऐकायला निवांतपणा मिळेल." अटी तीन: गोळ्या चुकवायच्या नाहीत, वाटेचा नकाशा घरी ठेवून जायचं, आणि रोज संध्याकाळी बायकोला फोन करायचा.

"घरात दोन खोल्या आहेत, त्यात मिळत नाही निवांतपणा?" बायको म्हणाली. "आता कापडात मिळणार?" पण मोज्यांचे चार जोड तिनेच भरले.

पहिल्या दिवशी खांदे भरून आले. संध्याकाळी मास्तरांनी तंबू ठोकला, आत शिरले, चेन ओढली आणि सवयीने तिच्या दोन्ही टोकांत खिशातलं छोटं कुलूप अडकवलं. मग त्यांच्या लक्षात आलं की भिंत नखं कापायच्या कातरीनेही कापता येईल. ते एकटेच खो खो हसले. पाच महिन्यांत असे हसले नव्हते. दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आला, पण रात्रभर गाढ झोप लागली. आवाज नाही. बायकोला फोनवर म्हणाले, "बरं वाटतंय गं." पलीकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी सबंध पठारावर माणूस दिसला नाही. पक्षीही नव्हते. दुपारपासून वारा पडला आणि इतकं शांत झालं की मास्तरांना आपल्याच कानात रक्त वाहत असल्यासारखं ऐकू येऊ लागलं. वाटेत एक पडकी दगडी खोली लागली. छप्पर गेलेलं, चौकट तेवढी उभी, दार नाही. मास्तरांनी वाजवायला हात उचलला आणि कशावर वाजवायचं ते कळेना म्हणून घाईघाईने खाली घेतला. ते खोलीला वळसा घालून पुढे गेले. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दोनदा बघितलं. चौकट होती तिथेच होती. अंधार पडायच्या आत तंबू ठोकला, तो मुद्दाम दोन टेकाडं पलीकडे.

पहाटे फटफटताना जाग आली. धुकं इतकं की तंबूचं कापड आतून दुधासारखं पांढरं दिसत होतं. त्यांच्या उशापासून हातभर अंतरावर, कापडाला लागून, तीच बाई म्हणाली, "येते हं."

मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. इथे ना दार ना कडी, इथेही आली! त्यांनी श्वास रोखला आणि नेहमीप्रमाणे वाट बघायला लागले, आता पावलं वाजतील, आता कडी निघेल. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आत तर आपण आहोत. बाई बाहेर आहे. बाहेरचं माणूस दाराशी उभं राहून 'येते हं' म्हणतं, ते कशासाठी?

निघताना म्हणतात. लहानपणापासून लाख वेळा ऐकलेलं. जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. एवढी साधी गोष्ट! आयुष्यभर दाराबाहेर उभं राहून काम केलं, म्हणून त्यांना येते म्हणजे दार उघडायला येते एवढंच सुचलं. पाच महिने ते तिच्या येण्याची वाट बघत होते, आणि ती बिचारी पाच महिने निरोप घेत होती. त्या खोलीत एकटी गेली. निरोप द्यायला कोणी नव्हतं, आणि 'येऊ का' म्हणून विचारणारा भेटला तो हा एक कुलूपवाला. त्याने 'या' म्हटल्याशिवाय ती निघणार कशी?

मास्तर उठून बसले. "या," ते म्हणाले. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले, "हो, या हं."

बाहेर काहीच झालं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी चेन उघडली. गवतावर दाट दव पडलं होतं आणि तंबूपासून दवात पावलांची गडद रेघ धुक्यात गेली होती. लहान पावलं, सावकाश टाकलेली. तंबूकडे येतानाची एकही नव्हती. मास्तर बराच वेळ तिथे बसून रडले. एका अनोळखी बाईसाठी आपण रडतोय याचं त्यांना नवल वाटलं नाही. ऊन वर आलं, दव उडालं, मग त्यांनी तंबू गुंडाळला.

परतल्यावर समुपदेशक बाईंना त्यांनी सगळं सांगितलं, पावलांसकट. बाईंनी ऐकून घेतलं आणि गोळ्या इतक्यात बंद करायच्या नाहीत म्हणून सांगितलं. मास्तरांनी शटर वर केलं.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. तिसऱ्या मजल्यावर काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज झाला होता आणि शेजारीण घाबरली होती. मास्तरांनी तीनदा दार वाजवलं. "येऊ का?"

आतून बाईचा आवाज आला. अस्पष्ट, दाराला लागून, शब्द कळत नव्हते.

मास्तरांनी शेजारणीकडे वळून बघितलं. तिने काही ऐकलंय की नाही, तिच्या तोंडावरून कळेना. विचारावं असं ओठांवर आलं होतं. त्यांनी विचारलं नाही. हत्यार कुलपात घातलं आणि मान खाली घालून काम केलं.

दार अर्धंच उघडलं, कारण आत दाराशीच एक म्हातारी पालथी पडली होती. खोलीभर स्वतःला ओढत ती तिथपर्यंत आली होती. एक हात कडीच्या दिशेने वर केलेला होता. तिने मान उचलून मास्तरांकडे बघितलं.

"किती वेळ लावलात हो," ती म्हणाली.

जेमतेम मिनिट झालं होतं. मास्तर तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"चुकलं माझं," ते म्हणाले.