पेवातली ओ

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसता वाचत असतो. चकवा, हडळ, घाटात लिफ्ट मागणारी बाई... वाचून मनसोक्त हसतोही. अमावास्येला मुद्दाम नवी चप्पल घेणारा माणूस आहे मी. मांजर आडवं गेलं तर ते आपल्या कामाला चाललंय म्हणतो आणि गाडी पुढे काढतो. नंतर कुणी "तुम्ही मुळातच तसले" म्हणू नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवतोय.

मी विलास. राहायला वाईत. त्याआधी बरीच वर्षं सांगलीला एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे होतो. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, वास घ्यायचा, मालाची प्रत ठरवायची, हे माझं काम. अण्णांनी मला कधी नोकरासारखं वागवलं नाही. पण मुलीची शाळा, आईचं वय, सगळंच वाईला... म्हणून लोणंदच्या एका मसाला कंपनीत क्वालिटीला लागलो आणि सांगली सोडली.

आता पेव म्हणजे काय ते सांगायला हवं. नदीकाठच्या चिवट मातीत खणलेलं जमिनीखालचं कोठार. तोंड माणूस जेमतेम जाईल एवढं, आत मात्र खोलीएवढं ऐसपैस. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकते. मोठ्या पुरांनंतर बहुतेकांनी पेवं बुजवली, माल कोल्ड स्टोअरेजला गेला. अण्णांनी मात्र नदीकडेचं एक पेव हट्टाने ठेवलं होतं.

बंद पेवात हवा मरते. म्हणून तोंड उघडून ते बराच वेळ तसंच ठेवतात, मग दोरीने कंदील सोडतात. कंदील जळत राहिला तरच माणूस कमरेला दोर बांधून उतरतो. तो खाली असेपर्यंत वरचा माणूस त्याच्या नावाने हाका मारत राहतो आणि खालचा ओ देत राहतो. ओ आली नाही की दोर ओढायचा. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं आहे. पण माणूस वर आल्यावरही एक शेवटची हाक मारायची, तो समोर उभा असला तरी! त्याने उजेडात उभं राहून ओ द्यायची, मगच तोंड झाकायचं. का, असं मी विचारलं की बापू म्हणायचे, "द्यायची असती, द्यायची." बापू म्हणजे पेवावरचे मुख्य. पिढीजात काम त्यांचं. हाकही त्यांचीच. मला "इलासाऽऽ" म्हणून हाक मारणारा जगात तो एकच माणूस.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीने प्लांट दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलं. मी हवालदिल झालो होतो, खोटं कशाला बोलू? या वयात कोण घेणार? नेमका त्याच आठवड्यात अण्णांचा फोन.

"इलास, ये की गड्या परत. तुझी जागा तशीच हाय."

मी सुजाताला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, "एकदा सोडलेल्या दारात परत उभं राहायचं म्हणजे मान खाली घालून राहावं लागतं. बघा बाई." मी म्हणालो, "मानेपेक्षा पोट महत्त्वाचं." आणि सातारा, कराड करत सांगली गाठली.

दुपारची वेळ होती. अण्णा पेढीवर नव्हते. "पेवावर हायत, तुमाला तिकडंच बोलावलंय," असं दिवाणजींनी सांगितलं. मला आश्चर्य वाटलं. नोकरीचं बोलायला नदीकाठी कशाला?

पेवाचं तोंड उघडं होतं. बाजूला अण्णा खुर्ची टाकून बसले होते आणि बापू उकिडवे. आणखी कुणी नाही. अण्णा लय थकलेले दिसले. माझ्याकडे बघून हसले नाहीत. बापूंनी तर मान वरच केली नाही.

"बापू, रागावलाय का अजून?" मी थट्टेने म्हणालो.

ते उठले. पेवाच्या तोंडाशी गेले, वाकले आणि हाक मारली.

"इलासाऽऽ..."

मी त्यांच्यामागे उभा होतो. तोंड मिटून.

खालून ओ आली.

माझी ओ होती. आपला आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकल्यावर कसा परका तरी ओळखीचा वाटतो, तशी. शेवटाला थोडी वर जाणारी, जरा कंटाळलेली. मी तशीच द्यायचो. मला आधी वाटलं, प्रतिध्वनी. पण "इलासा"चा प्रतिध्वनी "ओ" कसा येईल? मग वाटलं, कुणीतरी खाली बसवलंय, माझी फिरकी घेतायत. मी मोबाईलचा टॉर्च लावून आत वाकलो. पेव रिकामं होतं. उसाचा पाला, माती, बास्स.

"कवापासनं?" माझ्या तोंडातून वाईची भाषा गेली आणि सांगलीची आली.

"तू गेल्यापासनं," बापू म्हणाले.

मग ते बोलत गेले. मी नोकरी सोडली त्या दिवशी शेवटचा माल बघायला खाली उतरलो होतो, हे मलाही आठवत होतं. वर आलो, कपडे झटकले आणि पेढे द्यायला पेढीवर गेलो. बापू त्या दिवशी माझ्यावर चिडलेले होते. हाताखाली तयार झालेला माणूस न विचारता चालला, म्हणून.

"शेवटची हाक मारलीच न्हाई मी. म्हनलं, जातोय न्हवं, जाऊ दे. तसंच झाकन टाकलं." त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या हातनं लय वंगाळ झालं, इलासा."

पुढच्या वर्षी पेव उघडलं तेव्हा शिवाप्पा नावाचा कर्नाटक सीमेकडचा एक गडी उतरला. कंदील नीट जळत होता. बापू हाका मारत होते, ओ येत होती. आवाज थोडा वेगळा वाटला, पण पेवात सगळ्यांचेच आवाज वेगळे वाटतात. शेवटी बराच वेळ झाला म्हणून बापूंनी दोर ओढला, तर शिवाप्पा बेशुद्ध. तोंडाला फेस. वाचला कसाबसा, पण अजून धड चालता येत नाही त्याला. शुद्धीवर आल्यावर त्याने सांगितलं... गरगरून खाली बसल्यावर त्याला हाका ऐकू येत होत्या. तोंड उघडत नव्हतं. आणि त्याच्या शेजारी बसून कुणीतरी त्याच्या वतीने ओ देत होतं.

मला कुणाचं काही बिघडवायचं नव्हतं हो. मी तेव्हा लोणंदला डबा खात असेन.

अण्णा म्हणाले, "तू एकदा उतर, वर ये, बापू हाक मारंल, तू ओ दे. राहिलेलं पुरं कर. मग उद्यापासनं पेढीवर ये. सगळं पयल्यासारखं."

खरं सांगू? मी तयार झालो. नोकरी डोळ्यांसमोर होती, शिवाप्पाही होता. शिवाय माझा विश्वास कुठे होता? कंदील सोडला, तो जळत राहिला. मी कमरेला दोर बांधला. एक पाय आत घातला. आतून तो ओळखीचा वास आला, हळदीचा आणि ओल्या मातीचा. आणि मग मला एक साधी गोष्ट सुचली.

"बापू, खाली मला काही झालं... मी पडलो... तर तुम्हाला कळणार कसं?"

"हाक मारीन की."

"ओ तर येणारच."

शिवाप्पाच्या वेळी निदान आवाज वेगळा वाटला होता. माझ्या वेळी तो माझाच असणार होता.

"दोराची खूण ठिवू," अण्णा घाईने म्हणाले. "दोनदा ओढायचा."

बापूंनी मान हलवली. हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, शिवाप्पाचा दोरबी हालत हुता."

त्यांनीच येऊन माझ्या कमरेची गाठ सोडली. मी पाय बाहेर घेतला आणि अण्णांच्या पाया पडून निघालो. नोकरीचा विषय तिथेच संपला.

घरी मी फक्त जमलं नाही म्हणून सांगितलं. काही दिवसांनी सकाळीच बापूंचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"अण्णा पेव बुजवायला लागल्यात. माती आलीय." मग म्हणाले, "तुला इचारल्याबिगार मन हुईना. अजून येत असलास तर थांबवतो त्यास्नी."

मी काही बोलण्याआधी त्यांनी फोन पेवावर धरला असावा. लांबून हाक ऐकू आली, इलासाऽऽ. आणि त्याहून लांबून, खोलातून, ती ओ. या वेळी कंटाळलेली नव्हती. लगेच आली. वाट बघत असल्यासारखी.

सुजाता समोर मटार सोलत बसली होती. मुलगी दप्तर भरत होती. मला जाता आलं असतं. मी म्हणालो, "टाका माती, बापू."

तो दिवस तसाच गेला. संध्याकाळी मी अंगणात होतो, सुजाताने आतून हाक मारली, "अहो!" मी ओ दिली. तिने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा दिली. ती चिडून बाहेर आली, "केव्हाची बोलावतेय, ओ द्यायला काय होतं?"

"दिली की!"

"कधी?"

बाकी माझं सगळं बोलणं नीट ऐकू येतं लोकांना. फक्त हाकेला दिलेली ओ येत नाही. डॉक्टरला दाखवलं, घसा ठीक आहे म्हणाला. मोबाईलवर रेकॉर्ड करून पाहिलं. तिची हाक आहे, पंख्याचा आवाज आहे, पुन्हा तिची हाक आहे. मधे काहीच नाही. कंपनी गेली, आता वाईतच मसाल्याचं कांडप टाकलंय. त्या खडखडाटात कुणाचीच ओ कुणाला ऐकू येत नाही, ते एक बरं आहे.

कुणाकडे याचं स्पष्टीकरण असेल तर जरूर सांगा. मानसिक म्हणाल तर रेकॉर्डिंगचं काय, तेही सांगा.

सुजाता आता लांबून हाक मारत नाही. काम असलं की जवळ येते आणि आधी माझ्या हाताला हात लावून बघते.