तीन रंगांत सासूबाई

आमच्या बदलापूर गावात बैलाच्या वाढदिवसाचा बॅनर लागतो. शर्यतीचा बैल, गळ्यात हार, खाली तीस शुभेच्छुकांचे फोटो, त्यातले निम्मे गॉगल लावून. मला सुरुवातीला हसू यायचं, आता येत नाही. तर गेल्या वर्षी एका सकाळी सासूबाई नाक्यावरून भाजी घेऊन आल्या, पिशवी ओट्यावर आपटली आणि म्हणाल्या, "बैल लागतो, मी नाय?"

त्यांची पंच्याहत्तरी महिन्यावर आली होती. नवरा आणि दीर एका पायावर तयार. अडचण अशी की सासूबाई फोटो काढू देत नाहीत. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा माप ओलांडायच्या आधीच दारातली कुणी बाई म्हणाली होती, "काली आनली गो!" तेच नाव पडलं. अजूनही गावातल्या बायका "काली बरी हाय ना?" असंच विचारतात, अगदी मायेने. पण तो शब्द कानावर आला की सासूबाई ताट बाजूला सरकवतात, त्या दिवशी जेवत नाहीत.

दिराने मोबाईलमध्ये गोरं करणारा फिल्टर लावून दाखवला. त्या म्हणाल्या, "ही कोन सटवी?" मग माझ्याकडे वळल्या. "तू चित्रं काढतेस ना? मना काढ. गोरी काढ. एकदा नाक्यावर सगल्या गावानं मना गोरी बघू दे, मंग मेली तरी चालंल." त्यांचे डोळे भरले होते. मी हो म्हणून बसले.

आता मी चित्रं काढते म्हणजे काय, तर चार महिने दर रविवारी अंबरनाथला एका सरांकडे जात होते. त्यांनी पहिल्याच दिवशी माझा चोवीस ट्यूबांचा डबा जप्त करून कपाटात टाकला आणि लाल, पिवळी, निळी अशा तीन ट्यूबा हातात ठेवल्या. "ज्याला तीन सांभाळता येत नाहीत, तो चोवीस घेऊन काय दिवे लावणार?" हे त्यांचं ब्रीद. काळा हवा तर तिन्ही मिसळून करा. पांढरा मागितला तर म्हणायचे, "पांढरा म्हणजे कागद. तो लावायचा नसतो, सोडायचा असतो." पहिले दोन महिने मी काहीही मिसळलं तरी चिखलच व्हायचा. नवऱ्याला वाटायचं मी विटा रंगवते.

सासूबाई खिडकीत खुर्ची टाकून बसल्या. हिरवं नऊवारी, नथ, ठसठशीत कुंकू. हिरवा पटकन जमला, निळ्यात पिवळा. मग चेहऱ्याला हात घातला. लालात पिवळा, त्यात चिमूटभर निळा, थोडं पाणी, आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा माझा चिखल झाला नाही! भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा सुरेख रंग उतरला. गालाचं हाड, हनुवटी, कपाळाच्या आठ्या, सगळं जागच्या जागी. मी स्वतःवरच खूष.

सासूबाई उठून आल्या. बघितलं. "ही तर मीच हाय."

"मग?"

"मना मी नको. गोरी कर."

मी ओला ब्रश फिरवून, फडक्याने टिपून रंग उचलला. "अजून." पुन्हा उचलला. कागदाला लव आली. शेवटी नवा कागद घेतला आणि रंगात इतकं पाणी ओतलं की ब्रश धुतलेलं पाणी त्याहून गडद असेल. "अजून गोरी." म्हटलं, "आई, याच्यापुढे फक्त कागद आहे." तर म्हणाल्या, "मंग पांढरा लाव." आता मी सरांना न सांगता दुकानातून पांढरी ट्यूब आणू शकत होते. पण माझे वडील अंबरनाथच्या कारखान्यात क्वालिटीला होते, आमच्या माहेरी नियम म्हणजे नियम, आणि मी एक नंबरची हट्टी. मी कागद सोडत गेले.

पाचव्या कागदावर त्या प्रसन्न झाल्या. हिरवं नऊवारी होतं, कुंकू होतं, नथ होती, दोन डोळे होते. बाकी चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. "आता कशी दिसते!" असं म्हणून त्यांनी चक्क माझी दृष्ट काढली. इतका आनंद मी त्या घरात बघितला नव्हता. बोलायची माझी काय टाप?

उल्हासनगरच्या बॅनरवाल्या सिंधी काकांनी स्कॅन करून स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "भाभी, साडी तो आ गयी. औरत किधर है?"

"यही है," मी म्हटलं. "थोडी गोरी है."

"बहुत गोरी है," काका म्हणाले आणि छापायला टाकलं.

दहा फुटांचा बॅनर नाक्यावर चढला तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भोवती चाळीस शुभेच्छुक, सगळे ठळक. मध्ये पांढऱ्याफटक पोकळीत एक कुंकू, एक नथ आणि दोन डोळे. रिक्षावाल्यांची समजूत झाली की फोटो यायचा बाकी आहे. एकाने तर विचारलं, जागा जाहिरातीसाठी रिकामी ठेवलीय का. नवरा मला म्हणाला, "हे तू केलंस?" मी म्हटलं, "मी काहीच केलं नाही, तीच तर बोंब आहे!"

संध्याकाळी सासूबाई नवं लुगडं नेसून बघायला आल्या. मान वर करून बघत राहिल्या. लोक येत होते, बॅनर बघत होते, चाळीस जणांना ओळखत होते आणि पुढे जात होते. त्यांचा चेहरा उतरला तशी मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, "आई, उतरवूया. माझं चुकलं."

तेवढ्यात रिक्षातून गावातल्या तीन म्हाताऱ्या उतरल्या, हातात ओटीचं सामान घेऊन. त्यांनी बॅनर वरपासून खालपर्यंत न्याहाळला. एकीने दुसरीला विचारलं, "इथं आपली काली कुठंच नाय गो?" दुसरी म्हणाली, "नाय ना. आज तिचाच ना वाढदिवस? गेली का काय बिचारी?" आणि तिसरीने लगेच डोळ्याला पदर लावला.

सासूबाईंनी एकदा वर बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मग माझा हात झटकून गर्दीतून पुढे झाल्या, दोन्ही हात वर केले आणि सगळा नाका वळून बघेल अशा आवाजात ओरडल्या, "अगो आंधल्यांनो, मेली नाय! ही काय काली! हितं हाय काली!"