मोडीतले घोडेस्वार

मोरेश्वरला किळस फार लवकर येई. रामाकोन्याच्या शाळेत तो मास्तर होता आणि सौंसरहून रोज अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं जाई-येई. डब्यात बसण्याआधी तो बाकावर वर्तमानपत्र अंथरी. खिडकीच्या गजांना हात लावत नसे. समोरच्यानं तंबाखू मळायला घेतली की तोंड फिरवून बाहेरच्या संत्र्यांच्या बागा बघत बसे. हॉटेलातला चहा त्यानं कधी घेतला नव्हता. कपाच्या कडेला कोणाच्या तरी ओठांचा माग राहतोच, असं तो म्हणे. मुलगी बघायला गेला की आधी पोह्यांच्या बशीत केस शोधतो, हे त्याची वहिनी सुधा साऱ्या नातेवाइकांत हसून सांगे, आणि ते खोटं नव्हतं.

असा हा माणूस शहाऐंशीच्या दिवाळीआधी गुणवंता कबाड्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेला सौंसरनं पाहिला.

त्याला कारण एक डाव होता. मोरेश्वरचा मामेभाऊ रवींद्र नागपूरला इंजिनिअरिंग शिकत होता. त्याच्या वसतिगृहात कोणाकडे अमेरिकेहून एक खेळ आला होता, त्याचे नियम तो उतरवून घेऊन आला. या खेळात पट नव्हता, हार-जीत नव्हती. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं. समोर दरी आली, आता काय करता? सरदार म्हणे उडी मारतो, वैदू म्हणे थांबा. मग फासा पडे आणि दरीत कोण गेलं ते ठरे. गोष्ट सांगायचा मान पहिल्या दिवसापासून मोरेश्वरकडे आला, कारण त्याच्यासारखं सांगणं दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं. जो माणूस नाली ओलांडताना नाकाला रुमाल लावी, तो टेबलाशी बसला की चारचौघांना कुजलेल्या दलदलीतून, प्रेतांच्या विहिरीतून हात धरून नेई आणि त्याचा आवाज जराही कापत नसे. आठवडाभर तो रविवारची वाट बघे. आयुष्यात आपली अशी एवढीच एक जागा आहे, हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं.

अडचण होती ती माणसांची. कोण कुठं उभा आहे हे कळायला टेबलावर काहीतरी लागे. सरदाराच्या जागी चिंचोका, वैदूच्या जागी सुपारी, राक्षसाच्या जागी पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, असं चाललं होतं. पांढुर्ण्याहून खेळायला येणारा मुकुंद कापडवाल्यांचा मुलगा. एका रविवारी त्यानं चिंचोका बोटानं उडवला.

"गुरुजी, हे पुरे झालं आता. आमच्या जिजाजीनं मस्कतहून खेळण्यातले सैनिक पाठवले, पेटीभर. दिवाळीपासून आमच्याच घरी बसत जाऊ."

"अन् गोष्ट?" रवींद्रनं विचारलं.

"गोष्टीत काय आहे बे? माझे सैनिक, मी सांगीन."

रवींद्रनं चिंचोका उचलून परत जागेवर ठेवला. पण दिवाळीपर्यंत आपल्या टेबलावर फौज उभी राहिली नाही, तर हे टेबल उठलं, एवढं मोरेश्वरला कळलं.

तो नागपूरला जाऊन आला. सीताबर्डीवर काचेच्या कपाटात शिशाचे विलायती शिपाई होते. एकाची किंमत ऐकून तो दुकानाची पायरी उतरला. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे घेतले, तर बस सौंसरला पोचेपर्यंत अर्ध्यांची मुंडकी पिशवीत गोळा झाली होती. लोधीखेड्याच्या बाजारात प्लास्टिकच्या बाहुल्या मिळाल्या. त्यांचे डोळे गालावर छापलेले, अंगाला चप्पल जळाल्यासारखा वास. ज्या हातानं उचलल्या तो हात त्यानं घरी येऊन साबणानं धुतला. मग शेवटी गुणवंता.

"गुरुजी, तुम्ही अन् इथं? रस्ता चुकले का?"

"छोट्या मूर्ती आहेत का? माणसं, घोडे, काहीही."

"आहेत नं. पण हात खराब होतीन तुमचे."

"होऊ दे."

गुणवंतानं पितळेच्या मोडीचं पोतं ओतलं. हिरव्या पडलेल्या तोट्या, स्टोचे बर्नर, कोणाची तरी दातांची कवळी, एक वाळून चपटी झालेली पाल. मोरेश्वरच्या घशाशी आलं. त्यातूनच त्यानं एकेक करून घोडेस्वार वेचले. बोटाएवढे, पितळी, पण पितळ कुठं दिसत नव्हतं. अंगावर काळा-लाल चिकट थर, टापांमध्ये मेलेल्या मुंग्या, आणि खवट तेलाचा असा भपकारा की श्वास रोखून धरावा लागला. ते कोणाच्या तरी देव्हाऱ्यातले असणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्यानं विचारलंसुद्धा.

"कुठून येतात हे?"

"नवे घरं बांधून राहिले नं लोकं. जुनं निघते." गुणवंतानं तराजू उचलला. "किलोवर लावू का?"

सीताबर्डीच्या शिपायांपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडले. मोरेश्वरनं पुढं काही विचारलं नाही. घाणीखाली घोडा होता आणि घोड्यावर माणूस होता, तेवढं त्याला पुरलं.

घरी त्यानं ते सोड्याच्या पाण्यात उकळले. पाणी गढूळ लाल झालं, वर तवंग आला. नाकाला रुमाल बांधून त्यानं सुईनं कानाकोपरे कोरले, साल निघावी तसा थर सुटत गेला. ते पाणी नालीत ओतताना त्याला ओकारी आली.

"भाऊजी, माझं पातेलं आता तिकडंच फेकून द्या," सुधा म्हणाली.

पण आतून जे निघालं ते बघून तो हरखला. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एकाची पगडी जराशी कललेली, आणि त्याच्या घोड्याचा मोडका पुढचा पाय तांब्याच्या तारेनं बांधलेला. तो त्याला सगळ्यांत आवडला. त्याला त्यानं काळा ऑइल पेंट दिला आणि गोष्टीतला खलपुरुष केला: काळा सरदार, गावंच्या गावं जाळणारा.

दिवाळीच्या सुटीत दुपारी डाव बसला, श्रीधरदादाच्या नव्या घरात मोरेश्वरला मिळालेल्या पुढच्या खोलीत. श्रीधर म्हणजे मोरेश्वरचा थोरला भाऊ, सुधाचा नवरा, संत्र्याचा व्यापारी. घर त्याच उन्हाळ्यात पुरं झालं होतं. जमिनीला मोझॅक, भिंतींना गुलाबी डिस्टेंपर, आणि मागच्या अंधाऱ्या देवखोलीच्या जागी टाइल्स लावलेला कोनाडा, त्यात जयपूरहून आणलेले पांढरेशुभ्र संगमरवरी देव. मोरेश्वरला तो कोनाडा आवडे. जुन्या देवखोलीत त्यानं लहानपणापासून पाय ठेवला नव्हता. तिथला तेलकट काळोख आणि पिंजरीनं माखलेले ते गोळे दारातून दिसले तरी त्याला मळमळे.

टेबलावर घोडेस्वार उभे राहिले तेव्हा मुकुंदनं आपली मस्कतची पेटी न उघडताच पायाशी सरकवली.

"बापरे, गुरुजी! कुठून पैदा केले?"

मोरेश्वर नुसता हसला. त्या दुपारी त्यानं सांगितली तशी गोष्ट त्यानं कधी सांगितली नव्हती. काळा सरदार शेवटी हाती लागला. मुकुंदनं त्याला दोऱ्यानं करकचून बांधलं.

"आता याले चिखलात लोळवतो. तोंडावर थुकतो याच्या!"

सगळे हसले. मोरेश्वरही हसला. तेवढ्यात त्याची आई, अंबाबाई, चिवड्याची ताटली घेऊन आत आली. टेबलाशी येऊन ती थबकली. ताटली तिनं खुर्चीवर ठेवली, खांद्यावरचा पदर झटकन डोक्यावर ओढला, आणि वडीलधारा पुरुष समोर आल्यावर सून उभी राहते तशी अंग चोरून बाजूला उभी राहिली. सगळ्यांनी मागं वळून दाराकडं पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"माय, कोण आलं?"

"भासरे," ती अगदी हळू म्हणाली. "यायले इथं कोणं बसवलं?"

नवऱ्याच्या थोरल्या भावाला तिकडं भासरे म्हणतात, आणि सून त्यांच्यापुढं डोकं उघडं ठेवत नाही, त्यांचं नाव घेत नाही. अंबाबाईचे भासरे म्हणजे कवडू. हळद लागायच्या आधी तापानं गेला. बिनलग्नाचा गेला म्हणून घरच्यांनी त्याचा पितळी घोडेस्वार करून देव्हाऱ्यात बसवला. अंबाबाई त्यानंतर लग्न होऊन या घरात आली. तिनं कवडूला कधी पाहिलं नव्हतं. घोड्याचा तारेनं बांधलेला पाय तेवढा तिला ठाऊक होता. रोज डोक्यावर पदर घेऊन ती त्याला तेलाचं बोट आणि पिंजर लावत आली होती.

"अन् काळं कोणं केलं?" तिनं विचारलं.

श्रीधर आतून आला. नुकतीच आंघोळ झालेली, मानेला पावडर, हातात पांढरा टॉवेल.

"तू तं म्हणला होता, जुने देव कन्हान नदीले नेऊन शिरवले," अंबाबाई म्हणाली.

"शिरवले म्हणजे गेले नं, माय. पाण्यात गेले का मोडीत गेले, गेले ते गेलेच. बाकीच्यायनं नाही दिले का? नव्या घरात तो तेलकट पसारा कायले?" त्यानं टॉवेलनं बोटं एकेक करून पुसली. "संगमरवरी आणले नं तुले."

त्या स्वच्छ बोटांकडं बघताना मोरेश्वरला जी किळस आली, ती गुणवंताच्या पोत्याशीही आली नव्हती. पाल, कवळी, मुंग्या, सगळं त्यापुढं सोवळं वाटलं. आणि मग त्याला नालीत ओतलेलं लाल पाणी आठवलं. नाकाला रुमाल बांधून त्यानं सुईनं कोरून काढलं होतं ते आईचं रोजचं बोट होतं.

"गुरुजी, आता अर्ध्यात नका सोडू," मुकुंद म्हणाला. "याले मारू अन् डाव पुरा करू. मंग घेऊन जाऊ द्या आजीले."

मोरेश्वरनं दोरा सोडला.

"डाव संपला."

"मंग पुढच्या वेळी पांढुर्ण्यालेच."

"बसा तिथं," मोरेश्वर म्हणाला. "गोष्ट तू सांग."

रवींद्र जाताना दारात घुटमळला. मुकुंदनं पायाशी ठेवलेली पेटी उचलली.

मोरेश्वरनं रॉकेलमध्ये चिंधी बुडवून काळा रंग काढला. वासानं डोळ्यांत पाणी आलं. रुमाल मात्र त्यानं बांधला नाही. कोनाड्यात ठेवायला अंबाबाई तयार होईना. "त्या चकचकीत देवायमंधी नको, त्यायले परकं वाटन," म्हणाली. तेव्हा त्याच्याच खोलीत, खेळाच्या टेबलावर, कवडूला जागा मिळाली.

बाकीचे घोडेस्वार पिशवीत घालून तो गल्लीत निघाला. जिथं जिथं नवा स्लॅब पडला होता, त्या प्रत्येक दाराशी थांबला. हे तुमच्याकडचे आहेत का? लोक पिशवीत वाकून बघत आणि नाक आक्रसत. "छे, आमच्याकडं असलं काही नव्हतंच." "गुरुजी, शाळा सोडून कबाडी झाले का?" तेच नाक, तोच आक्रसलेला ओठ, आरशात बघावं तसं त्याला वाटत गेलं. शेवटच्या घरी केसरबाईच्या मुलानं दार उघडलं, एक नजर टाकली आणि म्हणाला, "आमचे नाहीत."

त्याच्या पाठीमागं, आतल्या दाराशी, म्हातारी केसरबाई उभी होती. पिशवीचं तोंड उघडं होतं. तिनं मोरेश्वरकडं पाहिलं नाही, मुलाकडंही नाही. पदर तेवढा डोक्यावर घेतला.

"आमचे नाहीत म्हटलं नं, गुरुजी," मुलगा पुन्हा म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

मोरेश्वर पिशवी घेऊन घरी परतला. घोडेस्वार त्यानं कवडूशेजारी ओळीनं उभे केले. अंबाबाई तेलाची वाटी घेऊन आली. उंबऱ्याशी थांबून तिनं पदर घेतला आणि एकेकाला बोट लावत गेली.

"माय, हे आपले नाहीत."

"कोणाचे ना कोणाचे भासरे असतीनच नं, बाबू," ती म्हणाली, आणि वाटी त्याच्यापुढं धरली. "बस, तूही लाव."

तेल खवट होतं. मोरेश्वरनं त्यात बोट बुडवलं.