पाटीचे दोन स्क्रू

गुणाजी परबाने जन्मात गिटार हातात धरली नव्हती. तिला तो 'पोटात बीळ पडलेली सतार' म्हणायचा. पण विद्याधर कर्णिकच्या गिटारीला खरा आवाज दिला तो त्यानेच, आणि ही गोष्ट विद्याधरने आठ महिने कुणाला कळू दिली नाही.

गुणाजी मूळचा देवगडकडचा. गिरणीत मोटारींचं वाइंडिंग करायचा. तांब्याची तार बोटांवर अशी खेळवायचा की शेवया वळणाऱ्या बायकांनी लाजून मान खाली घालावी. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. मग नाहूरला चाळीतल्या आपल्या खोलीपुढे पत्र्याची पडवी काढून त्याने रेडिओ दुरुस्ती मांडली. तेव्हा घरोघर टीव्ही येत होते आणि माळ्यावरचे वॉल्व्हचे जुने रेडिओ भंगारात निघत होते. गुणाजी भंगारवाल्याच्या दारात उभा राहून ते रेडिओ गोंजारायचा. म्हणायचा, "मेल्यांनू, म्हातारो झालो म्हणान बापाशीक कोण इकता काय?"

चौऱ्याऐंशीच्या शिमग्याआधी विद्याधर त्याच्या पडवीत आला. मुलुंडच्या पांढरपेशा घरातला, विमा कंपनीत कारकून, सव्वीस वर्षांचा. संध्याकाळी नंदकिशोरच्या 'स्वरमेघ' ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गिटार साधीच, कलकत्त्याची, पोटाला चुंबकाची पट्टी डकवलेली. ती चालायची. पण तिला जोडायला अ‍ॅम्प्लिफायर हवा, आणि परदेशी डबा घेणं त्याच्या सात पगारांतही बसत नव्हतं. तसला डबा शिवदासकडे होता. म्हणून मुख्य गिटार शिवदास वाजवायचा आणि विद्याधर मागे बसून नुसती साथ खाजवायचा.

"काका, तुम्हाला जमेल का तसा आवाज?"

"तसो म्हणजे कसो? तोंडान करून दाखय बघू."

विद्याधरने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच "ट्वँऽऽव" केलं.

गुणाजीने आत हाक दिली, "गो जानक्या, ऐकलंस? म्हशीक गोमाशी चावली!"

आत तांदूळ निवडणारी जानकी पदर तोंडाला लावून हसली. विद्याधरही हसला. त्या दिवशी तरी हसला.

पंधरा-वीस दिवस गुणाजी त्या एका कामाला चिकटला होता. चहाच्या पेटीच्या फळ्यांचा खोका केला. दोन मेलेल्या रेडिओंचे वॉल्व्ह घेतले. ट्रान्सफॉर्मर मांडीवर ठेवून हाताने गुंडाळला, एकेक वेढा तोंडाने मोजत. मधे कुणी बोललं तर हाताने माशी वारावी तसं वारायचा. बंद पडलेल्या तंबू थिएटरातला बारा इंची स्पीकर आणला. पुढे लावायला जाळीचं कापड हवं होतं, तर जानकीने आपली जुनी सुती साडी काढली. धुऊन धुऊन ती इतकी विरली होती की फुंकर मारली तर पलीकडे लागावी. हिरवी, बारीक पिवळ्या चौकड्यांची. "आवाजाक आडकाठी नाय करूची," जानकी म्हणाली आणि कडेने खिळे मारायला नवऱ्याला एकेक करून देत बसली.

खोका पहिल्यांदा चालू करायचा त्या दिवशी गुणाजीने वर नारळ ठेवला. गावची रीत ती. नवं काहीही सुरू करायचं तर आधी गाऱ्हाणं घालायचं. शेजारपाजारचे चार जण पडवीत जमले. गुणाजीने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या विद्याधरान तुझ्याकडे आवाज मागितल्यान हा, तो तेका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात.

"ह्या खोक्याक धूर येव नको, कोणाक करंट लागू नको, ऐकणाऱ्याच्या कानाक गोड लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

विद्याधरचे ओठ नुसते हलले. ऑफिसातलं कुणी या वेळी इथून गेलं तर, असं त्याच्या मनात आलं. ते त्याला नंतर फार आठवायचं.

मग त्याने तार छेडली. जाड, ओलसर आवाज पडवीभर पसरला, फणसाचा गरा जिभेवर पसरावा तसा. जोरात वाजवलं की तो थोडा घोगरा व्हायचा, रात्रभर भजन म्हटलेल्या बुवाच्या गळ्यासारखा. शिवदासचा परदेशी डबा त्याच्यापुढे पत्र्याची बादली वाटला असता. विद्याधरचे डोळे भरून आले. गुणाजी कान खाजवत म्हणाला, "गोमाशी बरी चावली काय रे?"

आता एवढ्यावर माणसाने काय करावं? खोका उचलावा आणि मिरवावा. विद्याधरने तो घरी नेला, आईच्या चादरीने झाकला आणि दोन दिवस त्याच्याकडे बघत बसला. फळीवर चहा कंपनीची पुसट अक्षरं. पुढे बाईची साडी. नंदकिशोर हे बघून काय म्हणेल ते त्याला ऐकूच यायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्याने बाजूंना काळं रेक्झिन डकवलं, साडीला बुटांचं काळं पॉलिश पातळ करून फासलं, आणि चोरबाजारातून इंग्रजी अक्षरांची एक चकचकीत पाटी आणून गोंदाने पुढे चिकटवली. कुठल्या यंत्राची होती देव जाणे.

तालमीला सगळे चकित.

"आयला, कुठून उडवलास?" नंदकिशोरने विचारलं.

"मावसभावाने मस्कतहून पाठवला."

"बघ! बाहेरचा माल तो बाहेरचा. आपल्याकडच्यांना असा साउंड सात जन्मांत जमायचा नाय. काय?"

"नाहीच जमायचा," विद्याधर म्हणाला.

मस्कतला त्याचा कुणीही मावसभाऊ नव्हता.

पुढच्या महिन्यांत त्याला गाण्यांमधल्या जागा मिळू लागल्या. डिसेंबरात गोव्याचा दौरा होता आणि नंदकिशोरला मुख्य गिटार एकच न्यायची होती, शिवदास नाहीतर विद्याधर. "नोव्हेंबरात घाटकोपरचा शो आहे ना, त्यात ठरवतो," असं त्याने दोघांना सांगून टाकलं.

आणि नेमकी शोच्या पंधरा दिवस आधी पाटी गळून पडली. गोंद सुकला होता. विद्याधरने घरातले सापडले ते दोन लांब स्क्रू घेतले आणि पाटी फळीवर आवळून टाकली. त्या दिवसापासून जाड तार वाजवली की खोका फुर्रर्र करायचा, फाटक्या पिपाणीसारखा. बारीक तारांना काही नाही. जाड तारेला मात्र हमखास. त्याने वायरी बदलल्या, वॉल्व्ह काढून पुसले. गुणाजीकडे न्यायचा म्हटलं तर पाटी दिसणार. पाटी काढायची म्हटलं तर नंदकिशोर विचारणार. शेवटी खोका तसाच घाटकोपरला गेला.

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. पडद्यामागे सामान लागत असताना दारात गुणाजी उभा. अंगात लग्नाकार्यातला पांढरा शर्ट. मागे जानकी, हातात फडक्यात बांधलेले, गूळ-शेवेचे खटखटे लाडू.

"स्टेशनार भित्तीपत्रक बघितलंय," गुणाजी हसत म्हणाला. "म्हटलंय आपलो खोको चार लोकांत कसो बोलता ता बघून येवया. तू काय सांगूक इलंस नाय, आमीच इलंव."

विद्याधर काही बोलायच्या आत नंदकिशोर तिथे आला. "हे कोण रे?"

क्षणभर विद्याधरच्या समोर दोन्ही माणसं होती. इकडे गोवा, तिकडे लाडूंचं फडकं.

"हा ना? हा... सामान उचलायला बोलावलाय," तो म्हणाला. ज्याला आजवर 'काका, तुम्ही' म्हटलं त्याला.

"मग उभा काय राहतोस, उचल ना! तो काळा अ‍ॅम्प स्टेजवर डावीकडे. आणि सांभाळून, काय? फॉरेनचा आहे."

गुणाजीने विद्याधरकडे बघितलं. मग खोक्याकडे बघितलं. पाटीवरून त्याची नजर जरा फिरली, काळ्या कापडावर थांबली. त्याने शर्टाच्या बाह्या नीट दुमडल्या, खाली वाकून खोका उचलला आणि विचारलं,

"साहेब, खंय ठेवू?"

साहेब तो विद्याधरला म्हणाला.

पूर्वार्धात खोका तीनदा फुरफुरला. तिसऱ्यांदा शिवदासने मान वळवून हसून बघितलं. मध्यंतर झालं तेव्हा विद्याधरच्या पाठीवर घामाचा ओघळ होता. नंदकिशोर दात आवळून म्हणाला, "वाट लावतोयस माझी. सेकंड हाफमध्ये असंच झालं तर शिवदास वाजवेल, सरळ सांगतो," आणि चहाला निघून गेला.

गुणाजी पडद्याच्या कडेने आत आला. खोक्यापाशी उकिडवा बसला. "वाजय जाड तार," म्हणाला. विद्याधरने वाजवली. गुणाजीने दोन बोटं पाटीवर टेकवली आणि लगेच काढली.

"स्क्रू लांब मारलंस. फळयेतसून पार जावन त्याचा टोक स्पीकराच्या कागदाक लागता. जाड तार वाजली की कागद पुढे येता, आणि टोचता."

विद्याधरने गिटार खाली ठेवली. आता पाटी निघणार. निघू दे, असंही त्याला वाटलं, आणि निघू नये, असंही.

गुणाजीने खिशातून पेचकस काढला. तो त्याच्याकडे नेहमी असायचाच, लग्नालाही. दोन्ही स्क्रू काढले. पाटी हातात घेऊन एकदा उजेडात धरली. मग हॉलच्या स्विचबोर्डाकडे गेला, एका सैल झाकणाचे दोन बारके स्क्रू काढून घेतले, त्या जागी विद्याधरचे लांब बसवले आणि परत येऊन पाटी होती तिथे, होती तशी लावली. उलट विद्याधरने वाकडी लावली होती, ती सरळ केली.

"काका, नको ती पाटी..."

"आसांदे. नायतर लोक इचारतले. बारके स्क्रू मारलंय, आता टोचूचे नाय."

जानकी जवळ आली होती. तिने काळ्या कापडावरून बोट फिरवलं. बोटाला पॉलिश लागलं. पण एका कोपऱ्यात, खिळ्याच्या आड, हिरवा धागा तसाच राहिला होता.

"माझीच ना रे ही?" तिने विचारलं. रागाने नाही. गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं आणि खात्री करून घ्यावी, तसं.

विद्याधरने गिटार उचलून खुंट्या पिळायला घेतल्या. तिने लाडूंचं फडकं खुर्चीवर ठेवलं आणि दोघं मागच्या रांगेत जाऊन बसली.

उत्तरार्धात खोका असा बोलला की पहिल्या रांगेतली माणसं पुढे सरकून बसली. शेवटी निवेदकाने माइकवर नावं घेतली, "आणि गिटारवर विद्याधर कर्णिक, खास परदेशी अ‍ॅम्प्लिफायरसह!" टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत गुणाजीही टाळ्या वाजवत होता. मनापासून की कसा, ते एवढ्या लांबून विद्याधरला दिसलं नाही. बघण्याचं धाडसही त्याने केलं नाही.

गोवा त्याला मिळालं.

मंगळवारी तालमीत त्याने नंदकिशोरला गाठलं. "तो अ‍ॅम्प परदेशी नाही. नाहूरला गुणाजी परब आहेत, त्यांनी बनवलाय. परवा आपण ज्यांना खोका उचलायला लावला ना, तेच."

नंदकिशोर खो खो हसला. "काय फेकतोस यार! शिवदासने पण तसाच मागवू नये म्हणून ना? हुशार आहेस. पण माझ्यासमोर नको, काय?"

"खरंच सांगतोय."

"बरं बाबा, गुणाजीने बनवला. चल, ट्यून कर."

विद्याधरने ट्यून केली. पुन्हा सांगायला हवं होतं, ओरडून सांगायला हवं होतं. पण गोव्याची तिकिटं नंदकिशोरच्या खिशात होती, आणि एकदा सांगून झालं, हे मनाला पटवणं सोपं होतं.

तरी गोव्याला निघायच्या आधीच्या रविवारी त्याने पाटी काढून खिशात टाकली, खोका टॅक्सीत घातला आणि नाहूरला गेला. माफी कशी मागायची ते त्याने वाटेत घोकलं होतं. पडवीत गुणाजीपुढे दुसरा एक खोका उभा होता. नवा. त्याला काळं रेक्झिन आधीच लावलेलं. पुढे कापडही काळंच, दुकानातलं.

"ये रे," गुणाजी म्हणाला, जसं काही झालंच नव्हतं. "ह्यो भांडुपच्या बँडवाल्याचो. त्या हॉलाचो वायरमन आसा ना, तेना पाठवल्यान."

"काका, त्या दिवशी मी..."

"पाटी काढलंस?" गुणाजीने खोक्याकडे बघितलं. "भोकां दिसतत मेल्या. बरा दिसता काय ता?"

"तिथे तुमचं नाव लिहा काका. मी रंग आणलाय. गुणाजी परब, नाहूर. मोठ्या अक्षरांत."

गुणाजी हसला. "माझा नाव घातलंस तर तुझो आवाज खराब होतलो. मशीन तीच आसली तरी लोकांका खराब ऐकाक येतलो. ता माका थंय मागच्या रांगेत बसान समाजला." त्याने हात पुढे केला. "ती पाटी आसा काय तुझ्याकडे? दी हंय. बँडवाल्याकय परदेशीच व्हयो."

विद्याधरचा हात खिशात गेला. पाटी त्याच्या बोटांना थंड लागली. नाही म्हणायला त्याच्याकडे काय तोंड होतं? त्याने ती दिली.

गुणाजीने ती नव्या खोक्यावर धरली, मान तिरकी करून सरळ बसते का बघितलं आणि दोन बारके स्क्रू मारले. मग बटण दाबलं. वॉल्व्ह हळूहळू लाल झाले.

"काका, नारळ?" विद्याधरने विचारलं. "गाऱ्हाणं नाही घातलंत?"

आतून जानकी बाहेर बघत होती.

"परदेशी मशिनीसाठी आमच्या देवाक कित्याक उठवूचा?" गुणाजी म्हणाला आणि वायर गुंडाळायला लागला.

विद्याधर आपल्या खोक्यासमोर खाली बसला. साडीवर दोन भोकं होती. त्याने हात जोडले आणि तोंड उघडलं, पण गाऱ्हाण्याचा पहिला शब्द त्याला आठवेना. त्या दिवशी त्याने नुसते ओठ हलवले होते.