शीळ घालत परतणारा माणूस

टाउनो केम्पाइनेनची शीळ अख्ख्या गावाला पाठ होती आणि ती पक्की बेसूर होती. जन्मभर लाकूडतोड केलेला हा उंचाडा गडी चार शब्दांत दिवस काढायचा. पण संध्याकाळी दलदलीकडून घरी येताना अशी शीळ ठोकायचा की अंगणातली कुत्री उठून घरात जायची. ती शीळ हौसेची नव्हती, कामाची होती.

काम बायकोचं. इम्पीला अस्वलांचे फोटो काढायचं वेड. देशाच्या सीमेलगतच्या दलदलीकाठी टाउनोने तिला फळ्यांचं लपण बांधून दिलं होतं. आत एक स्टूल, समोर लेन्स बाहेर काढण्यापुरतं भोक. दोघांनी मिळून जायचं. टाउनोने सॅल्मन माशांची डोकी ओंडक्यांमागे टाकायची, इम्पीने हळूच आत शिरायचं आणि टाउनोने पाय आपटत, शीळ घालत परतायचं. माणसं गेली अशी रानाची खात्री पटली, की मगच ती यायची.

ती म्हणजे फाटक्या कानाची म्हातारी मादी. रानात त्या जनावराचं नाव घेत नाहीत, म्हणून सगळे तिला आजीबाई म्हणत. दर उन्हाळ्यातला तिचा एक फोटो इम्पी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावायची. सगळ्यांत आजीबाईंची मान वळलेली.

"एवढी जवळ बसतेस, तर तोंड का नाही घेत?" टाउनो कॉफी ओतता ओतता चिडवायचा.

"तिला तुझ्यासारखं तोंड दाखवायची लाज वाटते," इम्पी म्हणायची आणि एकटीच हसत बसायची.

यंदा बर्फ वितळता वितळता इम्पी गेली. भिंतीवर एक खिळा मात्र मारून ठेवलेला, रिकामा. ऑगस्ट सरत आला की शिकार सुरू होते आणि आजीबाई आता काही पळण्याच्या वयाच्या नव्हत्या. टाउनोने ठरवलं, यंदाचा फोटो आपण काढायचा. आणि तोंडाचा काढायचा.

तो एकटाच गेला, मासे टाकले, लपणात बसला. कावळे आले, कोल्हा आला. आजीबाई नाहीत. दुसऱ्या खेपेलाही नाहीत. बरोबरच होतं, आत गेलेला माणूस बाहेर पडलाच नव्हता! फोटो काढायचा तर आपल्याला सोडून जाणारं कुणीतरी लागतं, आणि टाउनोकडे तसं कुणी उरलं नव्हतं. हे सांगायला शेजारच्या हेल्मीच्या पायरीवर जायचा धीर करण्यात त्याने अख्खा जुलै घालवला.

"एवढंच ना?" हेल्मी म्हणाली. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली बाई, आवाज पातेल्यासारखा. "मला वाटलं, मागणी घालायला आलास! अस्वलाला फसवायचंय होय?"

"नाव घेऊ नकोस, बाई."

"बरं, आजीबाईला. शीळ पण तुझ्यासारखीच भिकार घालू?"

"जमेल तशी घाल. फक्त जोरात."

शनिवारचं सौनातलं वाफेचं स्नान उरकून दोघं गेली. हेल्मीने त्याचा मासळीचा वास मारणारा कोट चढवला आणि पाय आपटत, त्याच्याहून भयंकर शीळ घालत ती वाटेला लागली. स्टुलावर बसून टाउनो ऐकत राहिला. आपली शीळ अशी लांब लांब जाताना कशी वाटते, हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

आजीबाई आल्या. इतक्या जवळ की ओल्या केसांचा वास फळ्यांतून आत आला. फाटका कान, पांढरं पडलेलं नाक, सगळं लेन्ससमोर. टाउनोने बटणावर बोट ठेवलं. पण त्यांनी माशांना तोंड लावलं नाही. मान वळवली आणि वाटेकडे, शीळ जात होती तिकडे, बघत उभ्या राहिल्या. लांबवर ती विरून जाईपर्यंत. मग त्या खायला वाकल्या, लपणाकडे पाठ करून.

त्या वाकण्याआधीच टाउनोच्या बोटाने बटण दाबलं होतं.

रविवारी फोटो खिळ्यावर चढला. हेल्मी कॉफी घेत भिंतीसमोर उभी राहिली.

"हे काय रे! तुझ्याही फोटोत मान वळलेलीच? बघतेय तरी कुणाकडे?"

"जाणाऱ्याकडे," टाउनो म्हणाला.

हेल्मी कप ठेवून निघाली. टाउनो खिडकीशी उभा राहून तिच्याकडे बघत राहिला, ती वळणाआड होईपर्यंत. मग त्याने सगळ्या फोटोंकडे, पहिल्यापासून, एकेक करून पाहिलं. प्रत्येकात आजीबाई वाटेकडे, शीळ घालत निघालेल्या त्याच्याकडेच बघत होत्या.