रेझिन अजून कालवलं नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, युनिटमधल्या दोस्तांनाही नाही — आणि त्यांना दोन पेगनंतर मी काय काय सांगितलंय ते आठवलं की अजून कान गरम होतात. पण हे नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच बहुतेक जीभ वळतेय.

आमच्या घरात एक गोष्ट तीसेक वर्षं सांगितली जाते. पाहुणे आले आणि पंजाबचा विषय निघाला की सुनंदा, म्हणजे माझी बायको, सुरू करते — "ह्यांनी ना, भर कर्फ्यूत आमच्या घरमालकांना गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं होतं." मग मुलगी. ती लहानपणी सगळी उत्तरेतल्या छावण्यांत वाढली, मराठी कळतं पण तोंडातून हिंदीच येतं. "पापा ने अपनी बोट का सारा काम वैसे ही छोड़ दिया था, पता है?" पाहुणे माझ्याकडे बघतात. मी म्हणतो, "अहो, त्यात काय एवढं." आणि बशीतला चिवडा उचलतो.

बोटीचं काम मी सोडलं नव्हतं. पण थांबा, असं एकदम सांगून नाही कळायचं.

त्या वर्षी माझी पोस्टिंग चंडीगढजवळ चंडीमंदिरच्या छावणीत होती. मेजर होतो, सॅपर — पूल बांधणारे, नावा वल्हवणारे आम्ही. सरकारी क्वार्टर मिळेना, म्हणून शहरात एका कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, खालचा मजला भाड्यानं घेतला. वर मालक राहायचे. दर्शनसिंगजी — सरकारी शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर, पासष्टीचे — आणि त्यांची बायको, बीजी. एकच मुलगी, ती लग्न करून कॅनडात. दिवस वाईट होते. आज इथे गोळीबार, उद्या तिथे बॉम्ब, संध्याकाळ झाली की बाजार ओस. सुनंदाला आणि मुलीला मी मालवणला पाठवून दिलं होतं. घरात मी एकटा आणि मागच्या अंगणात ती बोट.

बोट म्हणजे काय, फायबरग्लासची एक जुनी शिडाची होडी, तळ्यावरच्या एका क्लबनं मोडीत काढलेली. मी भंगारवाल्याकडून आणली. मालवणचा माणूस मी, समुद्रापासून हजार मैलांवर पडलेला — होडी दिसली आणि खुळ्यासारखा भुललो. बीजींनी कपाळाला हात लावला. पण दर्शनसिंगजींनी स्वतः फाटकाची एक झडप बिजागरीवरून काढली, म्हणून ती आत आली.

मग सकाळचे दोन तास आमचे दोघांचे. मी ड्यूटीवर जायच्या आधी होडी पालथी घालून पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं घासायचं. वरचा जुना थर खडूसारखा झाला होता, त्याला बारीक बारीक चिरा. घासून घासून तो काढायचा, खड्डे भरायचे, पुन्हा घासायचे. मास्तर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, दाढीला रुमाल बांधून बसत. मध्येच डोळे मिटत आणि तळहात होडीवरून सावकाश फिरवत. "इथे अजून उंच आहे, मेजर साब." मला काही लागायचं नाही, पण स्केल लावून पाहिलं की खरंच असायचं! काचेची भुकटी अंगाला लागून अशी खाज सुटायची की विचारू नका. बीजी त्यांना टॉवेलनं झटकल्याशिवाय जिना चढू देत नसत. मी त्यांच्याइतका निवांत माणूस दुसरा पाहिला नाही. त्यांनी समुद्र कधी बघितला नव्हता. होडी झाली की सुखना तळ्यात पहिली फेरी त्यांची, असं ठरलेलं होतं.

आता रेझिनचं सांगायला हवं. खड्डे भरायचे ते रेझिननं. मधासारखं दाट असतं, डब्यात महिनोन्महिने तसंच राहतं. पण त्यात हार्डनर कालवला — चार-सहा थेंब, बस — की घड्याळ सुरू. वीस मिनिटांत लावून मोकळं व्हायचं, नाहीतर मगात दगड. मास्तरांना ह्याची भारी गंमत वाटायची. ते हार्डनरला 'दवाई' म्हणायचे. एकदा दवाई पडली की खुद्द लाटसाहेब फाटकाशी आला तरी उठायचं नाही, हा त्यांचा नियम. बीजी वरून चहाला हाक मारायच्या, ते खालून ओरडायचे, "दवाई पै गई!" मग त्या चहावर झाकण ठेवून थांबायच्या. घरातली थट्टाच झाली होती ती. फोन वाजला, दूधवाला आला — दवाई पै गई!

ताकाला जाऊन भांडं लपवतोय ना मी? कळतंय मला. सांगतो.

एप्रिलातला रविवार होता. आदल्या दिवशी शेजारच्या सेक्टरच्या मार्केटात गोळीबार झाला होता आणि शहरात कर्फ्यू लागला होता. आठवडाभरापूर्वी आमच्याच ओळखीच्या एका ऑफिसरच्या गाडीवर कुणीतरी गोळ्या झाडल्या होत्या. तो वाचला, पण मागची काच फुटली. आणि त्याच सुमारास तपासणीच्या नाक्यावर थांबली नाही म्हणून जवानांनी दुसऱ्याच कुणाची गाडी उडवली होती. म्हणजे मरण दोन्हीकडून. आम्हाला हुकूम होता, कामाशिवाय शहरात हिंडू नका. खरं सांगू? हुकूम नसता तरी मी हिंडलो नसतो. माझी पाचावर धारण बसली होती. गणवेश घातला की दिसायची नाही, एवढंच.

दुपारी चारच्या सुमाराला मी अंगणात होतो. कर्फ्यूत दुसरं करणार काय? मगात रेझिन ओतून घेतलं होतं. ब्रश हातात. होडीच्या कण्याजवळ पंज्याएवढा एक खड्डा राहिला होता, तो भरायचा होता. हार्डनरची बाटली माझ्यामागे कट्ट्यावर होती. तिचं झाकण बंद होतं. मी ते उघडलं नव्हतं.

बीजी मागच्या जिन्यानं खाली आल्या. अनवाणी. ओढणी डोक्यावर नव्हती — मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मास्तरांच्या छातीत दुखतंय, म्हणाल्या. घाम सुटलाय, डावा हात जड झालाय. फोन मेला होता. अँब्युलन्स कोण पाठवणार? तुझ्याकडे गाडी आहे, मिलिटरीचं कार्ड आहे, तुला सोडतील.

छातीत दुखणं, घाम, डावा हात — प्रथमोपचाराच्या वर्गात मी स्वतः जवानांना शिकवायचो ह्याचा अर्थ काय ते. तेव्हा 'मला कळलं नाही' असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. मला त्याच क्षणी कळलं. आणि डोळ्यांसमोर काय आलं? ती फुटलेली मागची काच. पगडीवाला माणूस मागच्या सीटवर आडवा, मी स्टिअरिंगवर, रिकामा रस्ता, पुढे नाका. मी मगाकडे बघत उभा राहिलो.

आणि मग त्या माउलीनंच मला वाट दाखवली. मगाकडे बघून, किती हळू आवाजात, म्हणाल्या —

"दवाई पा दित्ती, पुत्तर?"

दवाई टाकलीस का, बाळा?

मी म्हणालो, "हांजी, पा दित्ती."

एवढंच. एवढंच बोललो मी.

त्यांनी मान हलवली. "चल, कोई गल नहीं. पहलां ओह मुका लै." काही हरकत नाही, आधी ते उरक. आणि वर मलाच धीर दिला — गॅसच असेल, दुपारी राजमा खाल्लाय त्यांनी. मग पदराशी चाळा करावा तसा कमीजचा कोपरा हातात पिळत त्या जिना चढून गेल्या. भीड पडली हो त्यांना. भाडेकरूच्या कामाची भीड.

त्या दिसेनाशा झाल्यावर मी काय केलं, ते ऐका. अजूनही वेळ होती. मग खाली ठेवायचा, चावी घ्यायची. पण मी वळलो, बाटलीचं झाकण उघडलं आणि रेझिनमध्ये सहा थेंब टाकले. मोजून. काडीनं ढवळलं. का? खोटं बोललो होतो, ते खरं करायला! बीजी पुन्हा खाली आल्या आणि मगातलं रेझिन तसंच पातळ दिसलं तर? चोराच्या मनात चांदणं. आता खरोखरच घड्याळ सुरू झालं होतं, आता मी उठू शकत नव्हतो, नियमच होता तसा. मी तो खड्डा भरला. काचेच्या धाग्यांचं मॅट कापून बसवलं, त्यातले बुडबुडे ब्रशनं एकेक दाबून काढले. माझ्या हातून इतकं नेटकं काम कधी झालं नव्हतं. वर खोलीत माणूस तडफडत होता आणि मी बुडबुडे काढत होतो. लाज वाटते.

हात थिनरनं धुतले. शर्ट बदलला — शर्टसुद्धा बदलला मी. अर्ध्या तासानं वर गेलो. मास्तर खाटेला टेकून खाली बसले होते, ओठ निळे पडलेले. मला बघून हसायचा प्रयत्न केला. "झालं का नीट?" असं विचारलं त्यांनी. होडीचं विचारत होते.

उचलून फियाटमध्ये घातलं. आणि नाके? दोन लागले. पहिल्यावर जवानानं कार्ड बघितलं, सॅल्यूट ठोकला, आडवं लावलेलं बॅरिकेड स्वतः ओढून बाजूला केलं. दुसऱ्यावर तर थांबवलंच नाही. दहा मिनिटांत आम्ही हॉस्पिटलात होतो. ज्याला भ्यालो ते एवढंच होतं.

दिवेलागणीआधी ते गेले. तरुण डॉक्टर बाहेर आला, दुखायला लागून किती वेळ झाला होता ते विचारलं आणि म्हणाला, अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. तो माझ्याकडे बघून बोलत होता. मी तोंड उघडायच्या आत बीजीच मध्ये पडल्या. ह्याला काही बोलू नका, म्हणाल्या, हा हातातलं काम टाकून आला, ह्या कर्फ्यूत दुसरं कोण आलं असतं? 'आधी ते उरक' असं आपणच म्हटलं होतं, ते त्यांनी गाळलं. डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नंतरही कितीतरी वेळा बोलता आलं असतं. सुनंदा परत आली तेव्हा बीजींनीच तिला ती गोष्ट सांगितली, 'काम टाकून आला' सकट. आमची बदली झाली, मी होडी एका कॅप्टनला देऊन टाकली. बीजींची पत्रं येत राहिली, हिंदीत, कुणाकडून तरी लिहून घेतलेली. सुरुवात कायम 'पुत्तर'. मी उत्तरं पाठवायचो, तब्येतीची चौकशी करायचो. काही वर्षांपूर्वी कॅनडाहून त्यांच्या मुलीचं पत्र आलं, बीजी गेल्या. ते वाचल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं. दुःख दुसऱ्या दिवशी झालं.

एक सांगायचं राहिलं. ते सांगितलं की संपलं.

दहाव्या दिवशी भोग होता, म्हणजे गेलेल्या माणसासाठी लावलेल्या ग्रंथसाहिबाच्या पाठाची समाप्ती. पाठ संपला, अरदास म्हणजे शेवटची प्रार्थना झाली. त्यांच्याकडे रीत असते — घरचा कर्ता पुरुष गेला की सगळ्यांसमोर त्याच्या मुलाच्या डोक्यावर पगडी बांधतात. म्हणजे आता घराची जबाबदारी ह्याच्यावर. मास्तरांना मुलगा नव्हता. पुतण्या गावाहून निघालेला, पण बस बंद, तो पोचलाच नाही. नातेवाईक मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. बीजी बायकांमधून उठल्या. हातात मास्तरांचीच एक पगडी होती, फिकट बदामी रंगाची, इस्त्री करून घडी घातलेली. त्या सरळ मी बसलो होतो तिथे आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, मुलगा असता तरी ह्याहून जास्त काय करता?

कुणी हरकत घेतली नाही. म्हाताऱ्या मंडळींनी डोळे पुसले. मला पुढे नेऊन बसवलं. मी केस कापलेला, मालवणचा, पगडीचा एक वेढा न येणारा माणूस. एका वृद्ध सरदारजींनी सावकाश, एकेक पदर सारखा करत ती माझ्या डोक्यावर बांधायला घेतली. चांगली पाच-सहा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात एक वाक्य बोलून होतं. बीजी हातभर अंतरावर उभ्या होत्या, माझ्याकडे बघत.

पगडी नीट बसावी म्हणून सरदारजींनी मला मान जरा खाली करायला सांगितली. मी केली.