पुढचं पाणी

एक बाटलीभर पाणी मी नाल्यात परत ओतलं होतं. बायकोला नाही, साहेबांना नाही, हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. ऐकणारा म्हणेल, पाणी पाण्यात ओतलं, त्यात काय एवढं? म्हणून सगळंच सांगतो.

मी अमरावतीच्या एका खासगी प्रयोगशाळेसाठी पाण्याचे नमुने गोळा करतो. शहराचे नाले जिथे नदीला मिळतात तिथे जायचं, दोरीला बांधलेली बादली सोडायची, बाटल्या भरायच्या, बर्फाच्या डब्यात घालून परत यायचं. अकोल्याची फेरी माझ्याकडे. पावसाळ्यात या कामाला एक अट असते. खंड पडून पुन्हा पाऊस आला, की नाला वाहू लागताच नमुना धरायचा. कोरड्या दिवसांत रस्त्यावर सांडलेलं तेल, तुंबलेल्या गटारी, बाजारातला कुजका पाला, सगळं त्या पहिल्या लोंढ्यात येतं. आम्ही त्याला पुढचं पाणी म्हणतो. ते निघून गेलं, की मागून येतं ते शहर धुऊन झाल्यावरचं.

आणि आम्ही भरायचो ते मागचं. मला काम शिकवणाऱ्या भाऊंनी पहिल्याच पावसाळ्यात सांगून ठेवलं होतं, "ओला होऊन कोनाले दाखवून राहिला बे? पाऊस उघडू दे. नाला सोताच धुवून निघते. रिपोर्टबी चांगला, कपडेबी कोरडे." खोटं कोणी लिहीत नव्हतं. पाणी त्याच नाल्याचं असायचं. आम्ही फक्त चहाच्या टपरीवर जरा जास्त बसायचो.

त्या वर्षी भर श्रावणात मोठा खंड पडला. मी गाडीवर निघालो तेव्हा मूर्तिजापूरपर्यंत रस्ता कोरडा ठणठणीत, दोन्ही बाजूंना सोयाबीन माना टाकून उभं. पुढे मात्र आभाळ जमिनीला टेकलं होतं. अकोल्यात शिरलो तो भिंतीत शिरावं तसा पावसात शिरलो. आमची टपरी नेमकी बंद होती. बसायला जागाच नाही, म्हणून मी थेट नाल्याच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. माझ्या नोकरीत मी वेळेवर पोचलो तो असा, टपरी बंद म्हणून.

आधी आवाज आला. खालचं काळं पाणी अजून बुडबुडे सोडत सुस्त पडलं होतं, आणि वळणाच्या पलीकडून रिकाम्या ट्रकचा ताफा यावा तशी घरघर येत होती. मग ते दिसलं. पाण्याला तोंड होतं. गुडघाभर उंच, करड्या फेसाचं, नाल्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताठ. त्यात चपला, थर्माकोल, गादीचा कापूस, कोबीची पानं, आणि वर तेलाचे जांभळे-हिरवे पट्टे, मोराच्या पिसासारखे. एक निळी प्लास्टिकची घागर, काठ फुटलेली, स्वतःभोवती गरगर फिरत गेली. अख्खं शहर, त्याची घरं, दवाखाने, शाळा, बाजार, माझ्या पायांखालून चाललं होतं. पूल थरथरत होता. मी हेल्मेट कधी काढलं ते मला आठवत नाही. इतकी वर्षं ज्याचा नमुना नेत होतो, तो नाला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

बादली सोडली, बाटली भरली. काळीशार, वर तेलाची साय. आणि मग भीती वाटली. ही एक बाटली खरी ठरली, तर माझ्या मागच्या सगळ्या बाटल्या खोट्या ठरणार होत्या. मी ती पुलावरून उलटी केली. नाला निवळेपर्यंत थांबलो. ताकावरच्या निवळीसारखं फिकट पाणी आलं, तेव्हा दुसरी भरली.

पुढचा नमुना नदीच्या खालच्या अंगाला घ्यायचा असे. तिथे एका चाचांचा भाजीचा मळा आहे. मला ते डाक्टरसाब म्हणतात, वर "मानसांचा नाई, पान्याचा" असंही जोडतात. मी पोचलो तर त्यांच्याकडे पावसाचा थेंब नाही, धूळ उडत होती. पालकाच्या जुड्या बाजारासाठी बांधून तयार होत्या.

"या डाक्टरसाब! इथं एक थेंब नाई अन नदी चढून राह्यली. कसं हाय पानी? धुवू ना जुड्या?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी डब्यातली बाटली उचलून उन्हाकडे धरली. "अरे वा! हे त पेता येईन."

"धुवा," मी म्हणालो.

ते गुडघाभर पाण्यात उतरले, आणि वळणावर करडा फेस दिसला. मी पेट्रोल जाळत आलो होतो, ते आपलं आपण आलं होतं. निळी घागर तशीच गरगरत त्यांच्यापाशी आली. चाचांनी ती झेलली.

"घ्या! उपरवाल्यानं घागर धाडली, पन काठ फोडून धाडली. मले ओळखते थो!" हसत हसत त्याच घागरीनं ते जुड्यांवर पाणी ओतू लागले.

एवढं पाणी इतक्या लांबून बरोबर मला गाठायला आलं, याचंच मला इतकं नवल वाटत होतं, की थांबा हा शब्द आधी सुचला नाही. सुचला तेव्हा बोललो नाही.

पुढच्या फेरीला चाचा एकटेच होते. घरात सगळ्यांची पोटं बिघडली होती, चाची तर सलाईनवर होत्या. "बाजारातल्या भज्यांचं काम हाय साहेब. तेल खराब त्याचं." त्या भजेवाल्याशी ते भांडूनही आले होते. चाची पुढे बऱ्या झाल्या. भज्यांनीही झालं असेल. माझ्याकडे सांगायला काही नाही. जे पाणी तपासायचं होतं ते मी ओतून दिलं होतं. तो पालक बाजारात कोणी कोणी नेला, तेही मला माहीत नाही.

आता मी पाऊस सुरू व्हायच्या आधीच पुलावर जाऊन उभा राहतो. माझे आकडे वाईट येतात. साहेब म्हणतात, "तुह्याच नाल्याले काय झालं?" लोंढ्याचं तोंड वळणावर दिसलं, की अजूनही छाती भरून येते, हेल्मेट काढतो. बाटली भरतो आणि झाकण घट्ट लावतो. चाचांना फोन करून सांगतो, आज नदीत उतरू नका. ते ऐकतात. डाक्टरसाबचा शब्द आहे म्हणतात.

ती घागर अजून त्यांच्या मोटारपंपाजवळ आहे. मी गेलो, की तिच्यातलं विहिरीचं पाणी ते माझ्या हातांवर घालतात. मी हात धुतो, चहा पितो, निघतो.

त्या दिवशी येणारं पाणी मी आधीच पाहिलं होतं आणि तरी धुवा म्हणालो, हे मी चाचांना आणि चाचींना त्यांच्या तोंडावर सांगायचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.